पदराखालचा भाव

गंगूताईला इमानात बसायचं होतं. पुसेगावात आमच्या वयाची माणसं विमानाला इमानच म्हणतात. बाकी जन्मात तिनं कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नाही. देवळाच्या आळीत घर, सारं आयुष्य पूजेची भांडी घासण्यात आणि वाती वळण्यात गेलं, मूलबाळ नाही, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. पण डोक्यावरून इमान गेलं की हातातली वात तशीच धरून ती अंगणात यायची आणि ठिपका दिसेनासा होईपर्यंत मान वर करून उभी राहायची.

"कौसा," एकदा मला म्हणाली, "खालून किती वर्षं बघायचं? एकदा वरून बघू की."

"वरून काय बघायचंय तुला?"

"तुझ्या शेळ्या. वरून तरी त्या माझी तुळस खाऊन राहिल्या का, ते दिसंल."

मी कौशल्याबाई. शेरडं-मेंढरं राखण्यात माझं आयुष्य गेलं. आमची आळी वेगळी, तिची वेगळी. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी मला अक्षरं शिकवली ती तिनं, तिच्या ओट्यावर, आणि तेव्हापासून रोज दुपारी मी तिथंच असते.

तिच्या धाकट्या दिराचा, नानांचा, नातू श्रेयस सेनगावला कचेरीत कारकून आहे. त्यानं फोनवर बघून सांगितलं, नांदेडहून हैद्राबाद, दोघींचं जायचं भाडं सहा हजार चारशे. येताना रेल्वे.

"दोघींचं काहून?" मी विचारलं.

"पडलं-बिडलं तर शेजारी वळखीचं माणूस पाहिजे," गंगूताई म्हणाली.

सहा हजार चारशे तिच्याकडं नव्हते. होती ती कंदीलपेटी.

हे नाव आमच्या गावातलं. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आकाशकंदिलासारखी सहा कोनांची, हातात मावेल एवढी, दोन्ही बाजूंना कोरीव लाकूड, त्यावर हाडाची बारीक बारीक बटणं आणि मधे चामड्याचा घड्या घातलेला भाता. दोन्ही हातांनी ओढायची आणि दाबायची. हिंगोलीला गोऱ्यांची छावणी होती तेव्हा कुण्या बँडवाल्या साहेबानं गंगूताईच्या आजेसासऱ्यांना दिली म्हणे. आरतीच्या वेळी घरातलं कुणीतरी ती ओढायचं. ओढली की भों, दाबली की भीं. भों-भीं, भों-भीं, एवढंच तिचं काम. आरतीत घंटेचा, टाळांचा आणि टाळ्यांचा जो कल्लोळ होतो, त्यात हे भों-भीं कुणाला वेगळं ऐकूही यायचं नाही.

श्रेयसनं तिचा फोटो कुठंतरी टाकला आणि आठ दिवसांत हिंगोलीहून एका बाईचा फोन आला. नीलांबरी तिचं नाव. मुलींना गाणं शिकवते, वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. रविवारी बघायला येते म्हणाली.

गंगूताईनं मला आदल्या दिवशीच बजावलं. "भाव तू करायचा. मला बोलता येत न्हाई, मी लगेच देऊन टाकीन."

"मला शेळीचा भाव येतो, गंगूताई. ह्याचा काय येतो?"

"शेळीच्या पण पोटात हवा हाये, हिच्या पण हाये. बघ तूच."

माझ्या नवऱ्याच्या, ज्ञानबांच्या, मागं बाजार मीच केला. वारंगा फाट्याला ट्रक लावून व्यापारी उतरतात, त्यांच्याशी मी एकटी बोलायची. जनावर हातानं चाचपलं की मला त्याचं वय, पोट आणि खोड कळते. खोटं कशाला बोलू, रात्रभर मला जरा ताठाच आला होता.

रविवारी दुपारी नीलांबरी स्कूटीवर आली. तिशीतली, बारीक, कपाळावर घाम. हळद शिजवायचे दिवस होते, वाटेवरच्या कढयांचा वास तिच्या ओढणीला लागलेला. पेटी पाहिली आणि ती चप्पल काढायची विसरली. मग आठवलं, तशी एका पायात चप्पल ठेवूनच खाली बसली.

नाना ओट्याच्या खांबाला टेकून बसले होते. सकाळची पूजा झाली की दिवसभर दुसऱ्याच्या कामात बोलणं हेच त्यांचं काम. "बाई, भंगारवाला तीनशे देऊन राहिला व्हता," ते म्हणाले. "तुमी साडेतीनशे द्या आन् घेऊन जा. आरतीला जरा शांतता तरी मिळंल."

"भाऊजी, तुमचा मंत्र चुकला की त्या भों-भींतच झाकला जायचा," गंगूताई म्हणाली. "जपून बोला."

नीलांबरी हसली, पण तिचं ध्यान पेटीत होतं. तिनं एका हातानं पेटीचं वरचं टोक धरलं आणि खालचं टोक सोडून दिलं. भाता आपल्या वजनानं उघडत खाली जाऊ लागला. ती ओठांत आकडे मोजत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"दम बघते, आजी. भाता चटकन खाली आला तर तो फाटलेला. सावकाश आला तर हवा धरून ठेवतोय."

मला आवडलं. मीही शेळीच्या बरगडीवर हात ठेवून तिचा श्वास मोजते. बारा आकड्यांत भाता खाली पोहोचला.

"वाईट नाही," ती म्हणाली. "वीसपर्यंत टिकायला हवा होता. दोन घड्यांच्या कोपऱ्यात चामडं विरलंय." मग तिनं एकेक बटण दाबून, एकदा ओढून आणि एकदा दाबून, सगळे सूर ऐकले. एका बटणाचे दोन सूर, ओढताना एक आणि दाबताना दुसरा. तीस बटणं, साठ सूर. अकरा मुके निघाले. मुका सूर आला की ती बोट उचलून मला दाखवायची, म्हणजे लपवत नव्हती आणि वाढवूनही सांगत नव्हती. गिऱ्हाईक असं वागलं की मी जरा सावध होते.

शेवटी तिनं पिशवीतून बारका पेचकस काढला. सहा कोनांचे सहा स्क्रू सुटले आणि लाकडी झाकण वर आलं. आत पितळेच्या चिमुकल्या चौकटी गोल बसवल्या होत्या, प्रत्येकीत पोलादाची पातळ जीभ. आणि सगळ्यांवर गुलाल. शंभर वर्षांच्या आरत्यांचा गुलाल आणि बुक्का आत जाऊन बसला होता. एका चौकटीत तर तांदळाचा अख्खा दाणा अडकलेला.

"अक्षता!" गंगूताईनं टाळी वाजवली. "बिचारीचं लगीन लावून ठेवलंय कुणीतरी!"

"पोलादी जिभा आहेत," नीलांबरी अगदी हळू म्हणाली. तिचा आवाज थरथरला. मी तो ऐकला. बाजारात गिऱ्हाइकाचा आवाज थरथरला की भाव चढवायचा असतो.

एव्हाना ओट्याखाली दहा-बारा माणसं जमली होती. समोरच्या किराणा दुकानातून खेमा तराजू सोडून बघत होता. कुणी म्हणे पाचशे मागा, कुणी म्हणे फोनवर बघा. एवढ्यांच्या तोंडावर भाव बोलला तर उद्या गावभर त्याचं भरीत होणार. म्हणून मी नीलांबरीला म्हटलं, "पोरी, हात आण इकडं."

बाजारात पुरुष व्यापारी उपरण्याखाली हात घालून भाव करतात. बोटं दाबून आकडा सांगायचा, तोंडानं चकार शब्द नाही. मी उपरणं कुठून आणू? मी पदर वापरते. पदराखाली तिचा हात घेऊन मी तिला कानात शिकवलं. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच, पंजा दाबून सोडला आणि पुन्हा एक बोट धरलं तर सहा. बोटाच्या मधल्या पेरावर नख लावलं तर अर्धा.

तिला इतकं हसू आलं की बोटं पक्की धरताच येईनात. "गुदगुल्या होतात आजी!"

"हसू नको, सौदा हाये."

तिकिटाला लागत होते सहा हजार चारशे. मनात सात धरून मी आठ मागितले. पंजा, आणि तीन बोटं.

तिचे डोळे हे एवढे झाले. हसू गेलं. शहरातली पोरगी नाटक छान करते, असं मला वाटलं.

तिनं माझी चार बोटं धरली. चार! ट्रकमध्ये चढवलेली शेळी खाली उतरवून घ्यावी तसं मी तोंड केलं. तिनं घाईघाईनं पंजा धरला, पाच. मी सात. ती जरा वेळ थांबली. सहा. मी नुसती गंगूताईकडं पाहिलं. ती आभाळाकडं बघत होती. मी पंजा दाबला, सोडला, एक बोट धरलं आणि दुसऱ्या बोटाच्या पेरावर नख टेकवलं. साडेसहा.

नीलांबरीनं डोळे मिटले, उघडले आणि मान हलवली.

"झाला!" मी पदर झटकला. गंगूताईच्या कानात सांगितलं, "साडेसहा. तिकिटं आन् वर शंभराचा चहा."

गंगूताईनं माझा गालगुच्चा घेतला. सत्तरीतल्या बाईचा गालगुच्चा, तोही चारचौघांत.

"किती? किती?" खालून विचारणा सुरू झाली.

"पदराखालचा भाव पदराखालीच," मी म्हटलं. आणि काय ऐटीत म्हटलं! तिथंच थांबायला हवं होतं मी.

नीलांबरी म्हणाली, रोख नाहीत, फोनवरून देते. गंगूताईचा फोन फक्त बोलायचा. म्हणून आम्ही सगळे समोर खेमाच्या दुकानात गेलो. त्याच्या दुकानात तो चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला आहे.

"खेमा, गंगूताईचे थोडे पैसे येतील तुझ्याकडं. रोख देशील?"

"देतो की मावशी. असे किती असणार?" खेमा एका बाईला शेंगदाणे मोजून देत होता.

नीलांबरीनं फोन कागदासमोर धरला, आकडे दाबले. खेमाच्या बरणीशेजारी एक बोलणारा डबा असतो. पैसे आले की तो हिंदीत ओरडतो, आणि आवाज खेमानं मोठाच ठेवलेला असतो, कारण त्याला एका कानानं कमी ऐकू येतं.

डबा ओरडला, "पैंसठ हजार रुपये प्राप्त हुए!"

शेंगदाणे सांडले.

"पैंसठ म्हंजे किती रे?" नाना विचारत होते.

"पासष्ट," सुट्टीला आलेला श्रेयस म्हणाला.

"पासष्ट रुपये? बघा, म्या म्हणलं व्हतं..."

"हजार, आजोबा. पासष्ट हजार."

नाना तांदळाच्या पोत्यावर बसले. पाठीमागं कुणीतरी "बाबौ!" म्हणालं आणि मग एकदम सगळेच बोलू लागले. माझ्या कानात मात्र नुसता तो डबाच ओरडत होता.

गंगूताई सगळ्यांत आधी भानावर आली. तिनं नीलांबरीचा हात धरला. "पोरी, घाबरू नको. तुझं एक शून्य जास्तीचं पडलं. खेमा, हिचे उरलेले परत कर आधी."

"नाही मावशी," नीलांबरी गोंधळून म्हणाली. "साडेसहाच ठरले ना? साडेसहा. दहा-दहा हजारांचे."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. बाजारात आकडा शंभराचा की हजाराचा, हे कुणी बोलत नाही. बोलायची गरजच नसते. जनावर समोर उभं असतं, तेच सांगतं. कोंबडी असली तर शंभर, शेळी असली तर हजार. मी कंदीलपेटीला शेळी धरलं होतं. तिनं काय धरलं होतं ते तिलाच ठाऊक, पण ते जनावर शेळीपेक्षा बरंच मोठं होतं.

लपवून उपयोग नव्हता. मी मोठ्यानं सांगून टाकलं, "चूक माजी हाये. म्या साडेसहा हजारात दिली व्हती."

"कौसाबाई!" पोत्यावरून नाना ओरडले. "अवो, शेळीच्या भावात हत्ती इकत व्हता तुमी!"

"तुमी तर तीनशेत इकत व्हता, नाना. कोंबडीच्या."

लोक हसले, पण तिढा काही सुटला नाही. गंगूताई हटून बसली. "साडेसहा ठरले, साडेसहा घेईन. त्याच्यावर एक पैसा नको. हे लेकरू चुकीनं देऊन राहिलं आन् मी घेऊ? असं बेइमानीनं इमानात बसू व्हय? ते वर तरी जाईल का?"

"मावशी, चांगली वाजणारी असती तर नव्वदला गेली असती," नीलांबरी म्हणाली. "दुरुस्तीला पंचवीस लागतील. मी घरूनच हिशेब करून आले होते. मी चारपासून सुरुवात केली, ते माझं चुकलं, ती माझी लबाडी होती. पण साडेसहा हजाराला नेली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्या बाईला फसवून आली."

"म्हणू दे!"

"नाही म्हणू देणार!"

"दहा घेते. झालं तुझं समाधान?"

"साठ घ्या."

"बारा. आता वर सरकू नको."

"मावशी, अठ्ठावन्न. त्याच्याखाली मी येणार नाही."

आजवर मी किती सौदे पाहिले, पण विकणारी खाली ओढते आणि घेणारी वर, असा सौदा कधी पाहिला नव्हता. खेमानं हात जोडले. "तुमचं मिटंस्तवर माझ्या खात्यात राहू द्या की. मला कुठलाच आकडा जड न्हाई."

"कौसा, तू सांग," गंगूताई म्हणाली. "तू म्हणशील तो भाव."

"आजी, तुम्हीच सांगा," नीलांबरीही म्हणाली.

आत्ताच दहापट चुकलेल्या बाईला दोघींनी पंच केलं. मला ज्ञानबा आठवले. बाजारात असा तिढा पडला की ते दोघांना एकेक करून बाजूला घ्यायचे आणि एकच गोष्ट विचारायचे. विकणाऱ्याला, कुठल्या आकड्याच्या वर घेताना तुला लाज वाटंल? घेणाऱ्याला, कुठल्या आकड्याच्या खाली नेताना तुला लाज वाटंल? दोन लाजांच्या मधे जी जागा उरते, तिथं बराबर भाव असतो. त्याला ते लाजेचा भाव म्हणायचे.

मी गंगूताईला तेलाच्या डब्यांमागं नेलं. ती कानात म्हणाली, "बारा. त्याच्यावर एक रुपया घेतला तर देवाला तोंड दाखवता येणार न्हाई मला." मग नीलांबरीला नेलं. ती म्हणाली, "पन्नास. त्याच्याखाली नेली तर बाबा वर बसून माझं नाव टाकतील."

ज्ञानबांच्या हिशेबात जागा मधे उरते. इथं दोघींची लाज एकमेकींकडं पाठ करून बसलेली, आणि मधे अडतीस हजारांचं मोकळं रान. त्यात पंचानं उभं कुठं राहायचं?

मी गंगूताईला विचारलं, "बाराच काहून? बारा कुठून काढले तू?"

"अगं, भों-भींचे आणखी किती देतं कुणी?" ती म्हणाली. "पन्नास वर्षं आरतीला ऐकते मी. ओढली की भों, दाबली की भीं. भोंचे सहा, भींचे सहा."

तिथं मला कळलं, अडलंय कुठं. हिनं जनावराला पळताना पाहिलंच नव्हतं. दावणीला बांधलेलं बघून भाव करत होती. आणि खरं म्हणजे मीही.

"नीलांबरी," मी म्हटलं, "वाजवता येतं का तुला हे? भों-भीं न्हाई. खरं."

"माझ्याकडे नवी स्वस्तातली एक आहे, तिच्यावर सहा महिने शिकतेय. पण आजी, हिचे अकरा सूर मुके आहेत. मधे मधे खड्डे पडतील."

"पडू दे. आमच्या रस्त्याला न्हाईत का?"

ती शेंगदाण्याच्या पोत्यावर टेकली. हात पेटीच्या बाजूच्या पट्ट्यांत अडकवले. तिनं काय वाजवलं, त्याचं नाव मला सांगता येणार नाही. वरातीत नवरदेवाच्या मित्रांना थांबवता येत नाही, तसली उड्या मारणारी काहीतरी चाल होती. पेटीतून एकदम चार-पाच आवाज निघाले, एकमेकांच्या मागं लागल्यासारखे, आणि पहिल्याच ओढीला कोरीव लाकडातून गुलालाचा बारीक फुफाटा उडाला. नीलांबरीचं नाक लाल झालं. ती थांबली नाही. मुका सूर आला की तिथं ती तोंडानं "टूं!" म्हणायची आणि पुढं जायची.

दोनदा ऐकल्यावर खेमाला खड्डा कुठं येतो ते कळलं. तिसऱ्यांदा तो तिच्या आधी ओरडला, "टूं!" कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा टूं तो, अर्ध्या गावानं ऐकला असेल. मग श्रेयस. मग शेंगदाणे घ्यायला आलेली ती बाई. चाल फिरून खड्ड्यापाशी आली की सगळं दुकान एका दमात "टूं!" करायचं आणि हसून खाली वाकायचं. नाना कुणाकडं बघत नव्हते, पण त्यांचा पाय पोत्याला ठेका देत होता, मी पाहिलं.

आणि गंगूताईनं माझे दोन्ही हात धरले.

"न्हाई," मी म्हटलं. "गुडघे."

"कौसा, फुगडी!"

"गंगूताई, वय बघ!"

तिनं बघितलं नाही. खेमाच्या दुकानासमोर, भर उन्हात, आम्ही दोघी पाय जुळवून मागं कललो आणि फिरलो. दोन फेऱ्या, फार तर अडीच. दुकान फिरलं, नाना फिरले, देवळाचा कळस एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून गेला. मग आम्ही एकमेकींवर पडलो आणि खेमानं आम्हाला मिठाच्या पोत्यावर बसवलं. पोटात हसू मावेना, श्वास पुरेना. एवढी मी कधी हसले होते ते आठवत नाही.

पेटी थांबली. गंगूताईनं डोळे पुसले, पण तिचं तोंड एकदम उतरलं.

"हे असं गात व्हतं?" ती म्हणाली. "पन्नास वर्षं माझ्या घरात व्हतं, आन् आमी त्याला नुसतं भों-भीं करायला लावलं?"

ती नीलांबरीकडं वळली. "हिची जीभ नीट करशील का? ते मुके बोलतील का?"

"बोलतील. चार महिने लागतील, पण साठच्या साठ बोलतील. मग तुम्हाला ऐकवायला आणीन."

गंगूताईनं जरा विचार केला. मग मान ताठ केली. "मग बारा काहून? सत्तर दे."

"मावशी!" नीलांबरी किंचाळली. "आत्ता साडेसहा म्हणत होतात!"

"तवा ऐकलं नव्हतं. आता ऐकलं."

"आता मला लाज नाही हो, पण पैसेही नाहीत!"

"बास," मी म्हटलं. पंचाला एकदाच संधी असते, ती मी धरली. "पासष्ट. डब्यानं सांगितलं तेवढे. गंगूताई, पासष्ट घेताना लाज वाटती का?"

"न्हाई. जरा कमीच वाटतात."

"पोरी, पासष्टला नेताना तुला?"

"नाही आजी."

"मग झाला बराबर भाव."

खेमानं पैसे गंगूताईच्या बँकेच्या खात्यावर पाठवले. त्या डब्यानं पैसे जाताना तोंड उघडलं नाही, येतानाच काय ते ओरडतो. नीलांबरीनं पेटी आपल्या ओढणीत गुंडाळली, स्कूटीच्या पुढं पायाशी ठेवली आणि दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरली. निघताना गंगूताईनं पेटीला हळदकुंकू लावलं, आणि बोटं भरलेलीच होती म्हणून नीलांबरीलाही लावलं.

श्रेयस फोन घेऊन दुकानातच उभा होता. "काकूआजी, आता येतानाचं पण विमानाचंच काढू का? आणि खिडकीजवळची जागा?"

"काढ की." गंगूताई अजून धापा टाकत होती. मग ती नानांकडं वळली. ते पोत्यावरून उठले नव्हते.

"भाऊजी," ती म्हणाली, "पेटी तुमच्या पण आज्याची. तुमी येता का?"

नानांनी आधी इकडं पाहिलं, मग तिकडं पाहिलं. खेमा, शेंगदाणे घ्यायला आलेली बाई, सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांनी जानवं नीट केलं.

"इमानात सोवळं पाळता येतं का, ते इचार आधी," ते श्रेयसला म्हणाले.

"नाही येत, आजोबा."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

नानांनी देवळाच्या कळसाकडं बघून हात जोडले.

"बरं," शेवटी म्हणाले. "मग खायला काय देतात?"

"विकत घ्यावं लागतं."

"हात् तिच्या!" नाना उठून उभे राहिले. "मग दशम्या आपल्या घरूनच घेऊ. कौसाबाई, चटणी तुमची. आन् श्रेयस, वय काय टाकतो माजं?"

"आधारवर आहे ते. चौऱ्याहत्तर."

"अरं, हळू बोल की!" नाना म्हणाले, पण दुकानात सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि ज्याला एका कानानं कमी ऐकू येतं त्या खेमानंही.